रिकामी मशीन

"काय शिवतायत त्या?"

सरांनी एवढंच विचारलं आणि कपातल्या गार झालेल्या चहाचा घोट घेतला. प्रश्नात वाकडं काही नव्हतं. परवा सगळ्या वर्गासमोर तिची ध्वनिरचना वाजायची होती. परदेशात येऊन वर्षभर ती जे काही शिकली त्याचं फळ म्हणजे ती रचना, आणि आज तिचं शेवटचं ऐकणं होतं. खिडकी नसलेली खोली, भिंतींना करड्या स्पंजचे सुळके, समोर दोन स्पीकर, टेबलावर तिची घरून आणलेली जाड कापडाची हेडफोनची पिशवी. इथली पोरं सरांना सरळ नावानं हाक मारायची, बरोबरीच्या गड्यासारखी. तिच्या जिभेला ते जमलं नव्हतं. ती 'सर' म्हणायची आणि सरही आता त्या हाकेला ओ द्यायचे. तर सर डोळे मिटून ऐकत होते आणि स्पीकरमधून आत्याची शिलाई मशीन चालली होती. रचनेचं नावच 'आत्याची मशीन'. "म्हणजे पडदा, शर्ट, काय आहे ते?" सर म्हणाले. "ते कळलं तर शेवट कुठे करायचा तेही कळेल." तिनं तोंड उघडलं. 'शाळेचे गणवेश' असं ती म्हणणारच होती, कारण आई दर रविवारी फोनवर तेच सांगायची, गणवेशांची घाई आहे ग, मान वर करायला फुरसत नाही तिला. पण उगाच ठोकून द्यायला नको, म्हणून तिनं कापड ऐकायचं ठरवलं. आणि कापड नव्हतं.

कापडाला आवाज असतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. ती मशीनखाली बसून वाढली म्हणून तिला ठाऊक. पातळ सुती कापड असलं की सुई कुजबुजते, जाड असलं की कण्हते, आणि चार पदर एकावर एक आले की मशीन अशी काही कुरकुरते की आत्या तिला चक्क दम द्यायची, "चल ग ए, नखरे करू नकोस." शिवाय शिवणारं माणूस एकसारखं पळत नसतं. टीप संपते, मशीन थांबते, सुईजवळचा लोखंडी पाय उचलल्याची खट् होते, कापड वळतं, दोरा तुटतो, कात्री टेबलावर पडते. मग पुन्हा. इथे तसलं काही नव्हतं. मशीन नुसती पळत होती. कडकड, कडकड, थंडीत दात वाजावेत तशी. "सर, सुरुवातीपासून लावता परत?" त्यांनी लावलं. तिनं हेडफोन चढवले, वरचे सूर मोकळे केले, जे तिनं स्वतःच्या हातानं मऊ केले होते, फार खणखणतंय म्हणून. आणि मग संशयाला जागाच उरली नाही. खालचे, कापड ओढणारे लोखंडी दाते वरच्या लोखंडी पायाला थेट घासत होते. मध्ये सुताचा धागासुद्धा नव्हता. "एक मिनिट हं, सर," म्हणाली, पिशवी उचलली आणि बाहेर आली. सर काहीतरी बोलले, ते दाराच्या स्पंजानं गिळून टाकलं.

बाहेरच्या जिन्यात ऊन होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी तबकडी आपटल्यासारखं झांज वाजवत होतं, पुन्हा पुन्हा तीच, आणि दोन मुली पायरीवर बसून एकाच डब्यातलं खात होत्या. त्यांनी तिला हात केला. तिनंही केला. हात आपोआप वर जातो, हे बरं असतं. मग ती एक मजला वर चढली, जिथं कुणी येत नाही, छताकडे जाणारं दार कायम बंद असतं, आणि दाराला पाठ लावून बसली. तिला आत्याचा आवाज ऐकू आला, खरोखरचा नव्हे, डोक्यातला. "रिकामी मशीन पळवायची नाही!" लहानपणी तिनं एकदा हौसेनं पायडल मारलं होतं तेव्हा आत्यानं पाठीत असा धपाटा घातला होता की आईसुद्धा स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो वन्सं, लहान आहे ती." "लहान आहे म्हणूनच सांगतेय. कापड घातल्याशिवाय मशीन चालवली की दाते झिजतात. माझं पोट आहे ते. तुमच्या नवऱ्याचा टाइपरायटर घेऊन असा बडवला तर चालेल का त्याला?" आत्या बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवऱ्याचं घर सोडून आली ती एक ट्रंक आणि ही मशीन घेऊन, आणि तेव्हापासून आतल्या खोलीच्या खिडकीशी बसली. डावा पाय अधू. पायडलवर उजवा जोरात पडायचा आणि डावा नुसता हजेरी लावायचा, त्यामुळे तिच्या मशीनची चाल लंगडी होती, एक भारी, एक हलका, एक भारी, एक हलका. गल्लीतून येताना लांबूनच कळायचं, आत्या घरात आहे. आत्या तिला रीळ म्हणायची. "एकदा सुटली की थांबत नाही ही. घरंगळत कुठं जाईल नेम नाही." घरात बाकी कुणी तिला रीळ म्हणत नसे. तो आत्याचा हक्क होता.

आणि घरंगळत इतक्या लांब आली ती आत्यामुळेच. बाबा आयुष्यभर कचेरीत टाइपिस्ट, त्यांच्या मते शिक्षण म्हणजे ज्याच्या शेवटी टेबल-खुर्ची मिळते ते. "आवाजाचं शिक्षण? आवाज काय शिकायचा? कान देवानं फुकट दिलेत ना?" असं ते म्हणाले होते, जेवताना, टेबलाखाली पाय हलवत. बाबांना पाय हलवायची सवय होती, भराभर, कापरं भरल्यासारखा, आणि आई रोज टोकायची, "पाय हलवू नका हो, बरं नसतं." त्या दिवशी आत्या आतून लंगडत आली, दारात उभी राहिली, दोन्ही ओठांत टाचण्या धरलेल्या. एकेक टाचणी काढून ब्लाउजला खोचली आणि मग म्हणाली, "तुला ऐकू येत नाही म्हणून पोरीनं बहिरं व्हायचं का?" झालं. त्या घरात आत्या बोलली की विषय संपायचा. निघायच्या आधी तिनं आत्याची मशीन रेकॉर्ड केली होती, पण ती साफ फसली. आत्या मधे मधे बोलत राहिली. कॉलेजात आल्यावर रचनेचा विषय ठरला तेव्हा तिनं ते ऐकून पाहिलं आणि बाजूला टाकलं, आणि फोनवर आत्याला म्हणाली, "आत्या, मला नवीन करून पाठव. आईच्या फोनवर. आणि या वेळी तोंड बंद ठेव." आत्या खो खो हसली. "आवाज मागतेस आणि तोंड बंद ठेव म्हणतेस! शिकली ग बाई पोरगी. पाठवते. हातातलं काम संपू दे." ते आत्याचं शेवटचं वाक्य. आज, या दाराला टेकून, तिला कळत होतं की ते शेवटचं वाक्य होतं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. नंतरच्या रविवारी आई म्हणाली, तिचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केलीय. तेव्हा ती काय म्हणाली होती? "आत्याला बोलायला बंदी! म्हणजे माशाला पोहायला बंदी." आई हसली होती. आई कशी हसली होती? ती ते हसू आठवून पाहू लागली, पुढून, मागून, जसा एखादा आवाज उलटा लावून ऐकतात तसा. त्यात काही नव्हतं. साधं, आईचं, घरगुती हसू होतं. हेच भयंकर होतं.

त्यानंतर कधीतरी ते रेकॉर्डिंग आलं. स्वच्छ. बोलणं नाही, खाकरणं नाही, नुसती मशीन. एक भारी, एक हलका. ती खोलीत एकटी होती, तिनं ऐकलं आणि तिला रडूच फुटलं, आनंदानं, घरच्या आठवणीनं, काय म्हणाल त्यानं. सरांना ऐकवलं आणि लगेच घरी फोन केला होता. "आई, आत्याला सांग, लाखात ओळखेन मी तिचा पाय! सर म्हणाले, असला आवाज त्यांनी ऐकला नाही. सांग तिला." आई म्हणाली, "सांगते हं." इतकंच. सांगते हं. आणि मागे आतल्या खोलीत मशीन चालू होती. पुढच्या रविवारीही चालू होती, त्याच्या पुढच्याही. "ऐकू येतंय ना? घाईत आहे बघ, हात करतेय तुला." "बाबा कुठं ग?" "फिरायला गेलेत. डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना चालायला." हल्ली दर रविवारी, नेमके तिच्या फोनच्या वेळी, बाबा चालायला जात. आयुष्यात कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत न गेलेला माणूस. तिला वाटलं होतं, म्हातारपणी सुधारले. अगदी कौतुक वाटलं होतं.

तिनं पिशवीतून हेडफोन काढले, फोनवर तेच रेकॉर्डिंग लावलं आणि डोळे मिटले. एक भारी, एक हलका. चाल बिनचूक. आईला ती जमली नसती, आई सून म्हणून आली तेव्हापासून त्या मशीनला हात लावायची तिची छाती नव्हती. ही चाल ज्यानं जन्मभर ऐकली त्यालाच जमेल. शाळेतून येताना ऐकली, टाइपिंगचा अभ्यास करताना ऐकली, स्वतःच्या लग्नाआधी ऐकली, नंतरही ऐकली. आणि मग मध्येच, साधारण अर्ध्यावर, ती चाल विसरायची. लंगडणं जायचं आणि पाय भराभर पळायला लागायचा, कापरं भरल्यासारखा. थोडा वेळच. मग त्या पायाला आठवण यायची की आपण लंगडायचं आहे, आणि पुन्हा एक भारी, एक हलका. पाय हलवू नका हो, बरं नसतं. ती त्या जागेवर तीनदा मागे गेली. या जागेचं सरांनी विशेष कौतुक केलं होतं. 'इथे त्या थकतात आणि मग सावरतात,' असं ते म्हणाले होते. तिनं ती जागा रचनेत तशीच ठेवली होती, नव्हे, तिचा आवाज चढवला होता. बाबांनी पाय चोरला होता, अचूक चोरला होता, पण कापड घालायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. टाइपरायटरवाला माणूस. त्याच्या लेखी आवाज म्हणजे आवाज.

अजून तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. अजून आत्या मेली असं कुणी म्हटलेलं नव्हतं. ती स्वतःशी भांडत होती, असेल, आत्या आजारी असेल, मशीनवर बसवत नसेल, पोरीनं मागितलंय म्हणून भावाला बसवलं असेल. असेल की! माणूस बुडताना काडीला धरतं म्हणतात, ती तर काड्या गोळा करत बसली होती. पण दर रविवारी कशाला? आजारी बाईच्या उशाशी कुणी रिकामी मशीन चालवील? आणि चालवली असती तर आत्यानं अंथरुणातून उठून धपाटा घातला नसता का? घातला असता. घसा बसलेला असता तरी, पाय चालत नसते तरी. त्या घरात रिकामी मशीन चालू शकते याचा अर्थ एकच होता. खालची झांज थांबली. तिनं घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ असणार, बुधवारची, कुणाच्या ध्यानीमनी नसलेली.

"हॅलो? काय ग?" बाबा. "आज कसा काय फोन? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबा, आई कुठंय?"

"ही काय, इथंच आहे. देऊ का?"

"नको. तुम्हीच बोला. किती दिवसांत बोलला नाहीत. फिरणं काय म्हणतंय?"

"फिरणं? हां, फिरणं चाललंय." ते खाकरले. "पाय मोकळे होतात जरा."

"आत्या काय करतेय?"

"ती... ती आत आहे. पडलीय जरा."

"घसा?"

"आहे तसाच."

"बाबा, मला तिचा थोडा आवाज पाहिजे. मशीनचा. परवा ऐकवायचंय सगळ्यांना, शेवट अडलाय. तिला म्हणावं, दोन टिपा मार. पडूनच असते का काय दिवसभर? आता. मी थांबते फोनवर."

"आता? अगं, आता कशाला, मी तुला रविवारी..." मग ते म्हणाले, "थांब, आईशी बोल तू, मी सांगतो तिला."

"नाही. तुम्ही फोनवर राहा, बाबा. आई सांगेल तिला. तुम्ही बोला माझ्याशी."

पलीकडे काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात घर होतं, भिंतीवरचं घड्याळ होतं, नळ होता, आईच्या बांगड्या एकदा वाजून हातानं दाबल्यासारख्या गप्प झाल्या होत्या. बाबांनी काही खूण केली असणार. पावलं गेली. आतल्या खोलीचं दार खालून घासतं, ते घासलं. स्टूल सरकलं. तिला वाटलं, ओरडावं, आई, उठ तिथून. पण ती ओरडली नाही. तिला ऐकायचं होतं. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं. नवशिक्याचं फिरतं तसं. खटक् करून थांबलं. पुन्हा खटक्. मग थोडं सरळ गेलं, कड कड कड, आणि पुन्हा उलटं. आई पायडलवर धडपडत होती आणि बाबा फोन कानाला धरून उभे होते, आणि ती, त्यांची एकुलती एक लेक, इतक्या लांबून त्या दोघांचे हाल ऐकत होती आणि तिला त्यांची कीव येत नव्हती. हे तिला नंतरही आठवत राहिलं. जरासुद्धा कीव आली नाही.

"थकलीय ना ती," बाबा म्हणाले, "म्हणून जरा..."

खटक्. मग दोरा अडकल्याचा, लोखंड आवळल्याचा आवाज आणि नंतर काहीच नाही. आतून आई म्हणाली, रडकुंडीला येऊन, हळू, पण ऐकू येईल इतकं, "अहो, मला नाही जमत हो."

"राहू दे ग," बाबा म्हणाले. "ये बाहेर. कळलंय तिला."

मग त्यांनी सांगितलं. एखादं पत्र टाइप करावं तसं, ओळीनं, चढउतार न करता. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली, बोलली, मग ताप उतरेना. तुझी तेव्हा सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. "सगळं नीट उरकलं," ते म्हणाले. "काही कमी पडू दिलं नाही." उरकलं. भांडी उरकतात, केर उरकतात. ती जिन्यातल्या भिंतीवरच्या रंगाचा एक पोपडा नखानं काढू लागली. आई आता फोनजवळ आली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. "तू आली असतीस ग धावत," आई म्हणाली.

"आलेच असते!"

"म्हणूनच. वर्ष वाया गेलं असतं. इतकी धडपड करून गेलीस. आम्ही म्हटलं, एवढी परीक्षा होऊ दे, मग सांगू. मग तू त्या आवाजाचं बोललीस, इतकी खूश होतीस, म्हटलं, तेवढं होऊ दे. मग तर... जीभच रेटेना बघ. तू म्हणालीस, लाखात ओळखेन. काय सांगणार होते मी त्यावर?"

"आणि आत्या? आत्या काय म्हणाली? तिला चाललं हे?"

"तिनंच तर सांगितलं होतं," आई घाईघाईनं म्हणाली. "ती म्हणाली, पोरीला काही कळवू नका, तिचा अभ्यास मोडेल. शपथ घातली तिनं आम्हाला."

हे पटण्यासारखं होतं. आत्या म्हणाली असती असं. तिला तर आत्याचे शब्दसुद्धा ऐकू आले, कळवलंत तर याद राखा, मेले तरी मानगूट सोडणार नाही. क्षणभर तिचे खांदे सैल झाले. असं असेल तर सगळं सोसता येईल, असं असेल तर हा दगा नाही, आत्याचा हट्ट आहे, आणि आत्याच्या हट्टापुढे कोण काय करणार. ती म्हणणारच होती, बरं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "नाही."

"अहो," आई म्हणाली.

"नाही. पुरे आता. तिनं नाही सांगितलं असं. ती विचारत होती. रीळ कधी येतेय, म्हणायची. रोज."

बाबांच्या तोंडून तिनं तो शब्द पहिल्यांदा ऐकला. "आणि तुम्ही काय सांगितलंत तिला?"

बाबा पुन्हा खाकरले.

"बाबा, काय सांगितलंत?"

"निघालीय, म्हणून सांगितलं. तिकीट काढलंय. विमानात बसलीय. पोचेल." त्यांचा आवाज पहिल्यांदा मोडला. "तिला बरं वाटायचं ग ऐकून. दाराकडे तोंड करून झोपायची."

तिनं फोन कानापासून लांब धरला. त्यातून बाबांचा बारीकसा आवाज येत राहिला, पाय तर मी अगदी तिच्यासारखाच मारत होतो, किंवा असंच काहीतरी, तिनं विचारलं नव्हतं तरी. बहुधा तेच एक सांगण्यासारखं उरलं होतं त्यांच्याकडे. तिनं फोन कट केला. तिला फसवलं, ते एक वेळ ठीक. इथे रोज खात होती, हसत होती, त्या रिकाम्या मशीनला खालून वरून सजवत होती, शाबासकी घेत होती, तेही ठीक, निदान तिला काही माहीत नव्हतं. पण आत्याला? जिनं ओठांतल्या टाचण्या काढून तिच्यासाठी भावाशी वाद घातला, तिला दाराकडे तोंड करून झोपवलं यांनी. म्हणजे पोरगी येईना, पोरगी येईना, विमानात बसलेली पोरगी दिवसेंदिवस विमानातच. आत्या काय खुळी होती? गल्लीतल्या दहा बायांची मापं तोंडपाठ असलेली बाई. तिला कळलं नसेल, किती वेळात माणूस पोचतं ते? तिनं काय समजायचं? की रीळ घरंगळली ती घरंगळलीच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, आणि कापला तोही मायेनं, गळ्याखाली नीट उशी देऊन. रागानं तिचे दात वाजायला लागले, खरोखर, आणि तो आवाज तिच्या ओळखीचा निघाला. फोन पुन्हा वाजला. घरचा. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिनं तो पिशवीत टाकला, हेडफोनच्या खाली, आणि पिशवीचं तोंड आवळलं. तरी आत थरथरत राहिला, जाड कापडातून.

ती खाली आली तेव्हा त्या दोन मुली गेल्या होत्या. सर खोलीतच होते, खुर्चीत रेलून, रचना थांबवून. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि उठून बसले. काय झालं, असं त्यांनी विचारलं असतं, म्हणून तीच आधी बोलली. "सर, हे पुसून टाकते मी. ही आत्याची मशीन नाही."

"सगळं? परवा ऐकवायचंय."

"सगळं. दुसरं आहे माझ्याकडे. खराब आहे. मध्ये बोलणं आहे."

तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि बाजूला टाकलेलं जुनं रेकॉर्डिंग शोधलं. ते होतं, तळाशी, फसलेल्या आवाजांच्या ढिगात. निघण्याच्या आदल्या आठवड्यातलं. तिनं ते लावलं आणि उभीच राहिली. आधी गल्ली आली, कुणाची तरी मोटरसायकल. मग मशीन. एक भारी, एक हलका, आणि मध्ये जाड, कण्हणारं, चार पदरांचं कापड. टीप थांबली. खट्. कापड वळलं. कात्री टेबलावर पडली. "चल ग ए, नखरे करू नकोस," आत्या मशीनला म्हणाली, त्या खिडकी नसलेल्या खोलीत, दोन्ही स्पीकरमधून, अंगभर. सरांना शब्द कळत नव्हते, पण ते हसले. मशीन पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. आता आत्या तिला विचारत होती, मान वर न करता विचारायची तसं, "रीळ? आहेस ना ग? का गेलीस?" आणि लगेच तिचा स्वतःचा आवाज आला, जवळून, फोनच्या अगदी शेजारून, वैतागलेला, वर्षभरानं लहान. "आहे ग आत्या. कुठं जातेय मी!"

मशीन पुढे चालू लागली. पिशवीत फोन पुन्हा थरथरायला लागला. सरांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. फोन घ्यायला तिनं हात पुढे केला नाही. तेव्हा त्यांनी आवाज थोडा वाढवला आणि ऐकत राहिले, आणि टीप संपल्यावर मघाचाच प्रश्न विचारला, हळू आवाजात, कारण आता त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "काय शिवतायत त्या?"

तिनं टेबलावरची हेडफोनची पिशवी उचलली, थरथरत होती तशीच, आणि त्यांच्यासमोर धरली.

"ही," ती म्हणाली.